‘अबंडन्स’ : एका शब्दाची कुळकथा

इंग्रजीतील ‘अबंडन्स’ हा शब्द आता आपल्या घरांत परका राहिलेला नाही. मुलांच्या पाठ्यपुस्तकांत तो भेटतो, विमा कंपन्यांच्या पत्रकांत झळकतो, आणि इंग्रजी मिस्सेत योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचला जातो तेव्हा त्याचेच एक रूप प्रभूच्या मुखी ऐकू येते. मराठीत आपण त्यासाठी विपुलता, सुबत्ता, समृद्धी, रेलचेल असे शब्द योजतो. ‘अबंडन्स’ म्हणजे काय, असे एखाद्या मुलाने विचारलेच तर आपण चटकन सांगून मोकळे होतो : ‘पुष्कळ असणे.’ कणगी भरलेली, कपाट भरलेले, बँकेचे पुस्तक भरलेले.

या उत्तरातील ‘असणे’ मात्र मूळ शब्दात कोठेही नाही. ते मागाहून त्याला चिकटले, आणि मध्ययुगात तर त्याने शब्दाच्या लेखनातही शिरकाव करून घेतला. हा सारा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो केवळ भाषापंडितांच्या कामाचा आहे असेही नाही. कारण ज्या शब्दाने आपण आपली सुबत्ता मोजतो, त्याचा अर्थ चुकला तर मोजमापही चुकण्याचा संभव असतो.

काठ ओलांडणारे पाणी

इंग्रजीला हा शब्द १४व्या शतकात जुन्या फ्रेंचकडून मिळाला, आणि फ्रेंचला तो वारशाने आला लॅटिनकडून. लॅटिनमधील नाम ‘अबुन्दान्तिया’. त्याच्या पोटातील क्रियापद ‘अबुन्दारे’. या क्रियापदाची फोड अगदी सोपी आहे. ‘अब्’ हा उपसर्ग, म्हणजे ‘पासून दूर’. ‘उन्दा’ म्हणजे लाट. लाट आपल्या जागेवरून उठून पलीकडे गेली, पाणी काठ ओलांडून वाहू लागले, की ते ‘अबुन्दारे’.

‘उन्दा’ या शब्दाशी आपले नाते जवळचे आहे. संस्कृतात ‘उन्द्’ म्हणजे भिजवणे, ओले करणे. ‘उदक’ त्याच धातूच्या परिवारातले, ‘समुद्र’ही त्याच परिवारातला, आणि पाण्यात शिजून फुलणाऱ्या भाताला ‘ओदन’ म्हणतात तेही त्याच धातूवरून. ग्रीकमधील ‘हुदोर’ आणि इंग्रजीतील ‘वॉटर’ ही याच कुळाची दूरची पाती आहेत. तेव्हा रोमन शेतकऱ्याच्या तोंडची ‘उन्दा’ आणि आपल्या तोंडचे ‘उदक’ यांचा उगम एकच आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. पाणी घागरीच्या गळ्याशी आले म्हणजे घागर भरली. या भरलेपणासाठी लॅटिनमध्ये वेगळा शब्द आहे : ‘प्लेनुस’. ज्या वडीलधाऱ्यांनी लॅटिनमधून प्रार्थना पाठ केल्या, त्यांच्या कानांत ‘ग्रात्सिया प्लेना’ हे दोन शब्द अद्याप घुमत असतील. त्यांच्याच जागी आज आपण पवित्र मरियेला ‘कृपापूर्ण’ म्हणून वंदन करतो. ‘प्लेना’ आणि ‘पूर्ण’ हेही एकाच मुळाचे दोन अंकुर आहेत. प्रार्थनेची भाषा बदलली, परंतु त्या जागी बसलेला शब्द जणू त्याच घराण्यातला निघाला. इंग्रजीतील ‘प्लेन्टी’ हा या ‘प्लेनुस’चाच वंशज.

जेथे ‘प्लेनुस’ संपतो तेथे ‘अबुन्दारे’ची सुरुवात होते. घागर भरली, तरीही धार चालू आहे, आणि पाणी आता घागरीत न मावता अंगणात, अंगणातून अळूच्या वाफ्यात चालले आहे. त्या वाहत्या पाण्याचे नाव ‘अबुन्दान्तिया’. घागरीतले पाणी घागरीच्या मालकाचे खरे. पण वाफ्यात गेलेले पाणी कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर शब्द स्वतः देत नाही. तो केवळ इतकेच सांगतो की पाणी काठाबाहेर गेले.

हा शब्द रोमन लोकांना किती अन्वर्थक वाटत असेल, हे त्यांच्या ताटाकडे पाहिले म्हणजे कळते. इ. स. पूर्व ३०मध्ये इजिप्त रोमच्या सत्तेखाली आला, आणि तेथून धान्याची जहाजे राजधानीकडे येऊ लागली. इजिप्तचे धान्य म्हणजे नाईल नदीच्या पुराची कृपा. दरवर्षी नदी काठ सोडी, शेतांवर गाळ पसरी आणि त्या गाळात गहू पिके. नदी ज्या वर्षी काठाच्या आतच राही, त्या वर्षी पीक बुडे. सम्राट ऑगस्टसने कोरून ठेवलेल्या वृत्तान्तानुसार इ. स. पूर्व २मध्ये रोम शहरात सरकारी धान्य घेणारे नागरिक दोन लाखांहून थोडे अधिक होते. दूरच्या एका नदीने काठ ओलांडावा आणि या लोकांच्या घरी चूल पेटावी, असा तो संबंध होता.

साठवणीची देवता

लॅटिनमध्ये विपुलतेसाठी आणखी एक प्रतिष्ठित शब्द होता : ‘कोपिया’. ‘को’ म्हणजे सह, आणि ‘ओप्स’ म्हणजे साधनसंपत्ती, बळ. ऋग्वेदात संपत्ती या अर्थी येणारा ‘अप्नस्’ हा ‘ओप्स’चा नातलग. इंग्रजीतील ‘ऑप्युलन्स’ याच ‘ओप्स’पासून झाला. ‘ओप्स’ जवळ नसणे म्हणजे ‘इनोपिया’, अर्थात टंचाई, दारिद्र्य. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

रोमन लोकांनी ओप्सला देवी मानले होते. २५ ऑगस्ट आणि १९ डिसेंबर हे तिच्या सणाचे दिवस. कॅपिटोल टेकडीवरील तिच्या मंदिरात ज्यूलियस सीझरच्या काळी सरकारी खजिना ठेवलेला असे. सिसेरोने आपल्या भाषणांत त्या रकमेचा आकडा ७० कोटी सेस्टर्स असा दिला आहे, आणि इ. स. पूर्व ४४मध्ये सीझरचा वध झाल्यावर ती सारी रक्कम मार्क अँटनीने फस्त केली, असा जाहीर आरोपही केला आहे. साठवणीच्या देवतेच्या गाभाऱ्यातही साठा सुरक्षित राहिला नाही.

‘कोपिया’चा एक वंशज आपल्याकडे परीक्षेच्या दिवसांत फार दुर्लौकिक पावला आहे, तो म्हणजे ‘कॉपी’. मध्ययुगीन लॅटिनमध्ये दस्तऐवज उतरवून घेण्याची मुभा देणे याला ‘कोपिया’ देणे म्हणत. त्यावरून उतरवलेल्या प्रतीलाच ‘कोपिया’ म्हणू लागले. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, म्हणजेच विपुलता झाली. पेपर तपासणाऱ्या गुरुजींना हा अर्थ मान्य होईल असे मात्र वाटत नाही!

तर लॅटिनमध्ये असे दोन शब्द शेजारी-शेजारी नांदत होते. ‘कोपिया’चे तोंड कोठाराकडे, ‘अबुन्दान्तिया’चे तोंड प्रवाहाकडे. बोलण्याच्या ओघात ते एकमेकांची जागा घेत, आणि अनेक लेखकांनी त्यांत काही भेद केला नाही. परंतु शब्दाच्या पोटात असलेले चित्र सहसा मरत नाही. ते वाट पाहत राहते.

नाण्यावरची देवी आणि रस्त्यावरच्या विधवा

इ. स.च्या तिसऱ्या शतकात ‘अबुन्दान्तिया’ रोमन नाण्यांवर अवतरली. एका स्त्रीची उभी आकृती, तिच्या हातांत फळाफुलांनी भरलेले शिंग (यालाच लॅटिनमध्ये ‘कोर्नु कोपिये’, कोपियाचे शिंग, म्हणत), ते ती खाली रिकामे करीत आहे, आणि भोवती अक्षरे कोरलेली : ‘अबुन्दान्तिया’, आणि पुढे सम्राटाच्या पदवीची आद्याक्षरे. अर्थ उघड होता : सम्राटाच्या कृपेने प्रजा सुबत्तेत आहे. २४९ ते २५१ या काळात राज्य करणाऱ्या डेसियसची अशी नाणी आजही वस्तुसंग्रहालयांत पाहायला मिळतात.

ख्रिस्तसभेच्या इतिहासाला डेसियस वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. साम्राज्यातील प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला मिळवावा, अशी आज्ञा त्याने काढली. पापीरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. या छळाच्या प्रारंभीच, २० जानेवारी २५० रोजी, पोप संत फेबियन हुतात्मा झाले. संत सेबॅस्टियनबरोबर आपण त्यांचे स्मरण करतो ते त्याच दिवशी. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ रोमची ख्रिस्तसभा पोपविना राहिली. ज्या सम्राटाच्या नाण्यावर अबुन्दान्तिया शिंग रिते करीत होती, त्याचेच अधिकारी ख्रिस्ती घरांची दारे ठोठावीत होते.

आता याच काळातील दुसरा एक कागद पाहू. २५१मध्ये निवडले गेलेले पोप संत कॉर्नेलियस यांनी अंत्युखियाच्या महागुरूंना एक पत्र लिहिले. इतिहासकार युसेबियस यांनी त्याचा भाग जतन करून ठेवला आहे. रोमच्या ख्रिस्तसभेत कोण कोण आहेत याची त्यात मोजदाद आहे : ४६ धर्मगुरू, ७ उपयाजक, तितकेच त्यांचे सहायक, ४२ वेदीसेवक, इतर ५२ सेवेकरी, आणि १५००हून अधिक विधवा व गरजू माणसे, ज्यांचे पोषण सभेकडून होत असे. नुकत्याच छळातून बाहेर पडलेल्या, कायद्याचे संरक्षण नसलेल्या एका मंडळीच्या यादीतला हा आकडा आहे. मंडळीच्या मालकीच्या मालमत्तेचा तपशील कॉर्नेलियस तेथे देत नाहीत. आपल्या पंगतीला किती माणसे आहेत हे सांगतात. थोड्याच वर्षांत, २५३च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या मंडळीने संत सिप्रियन यांच्या पुढाकाराने एक लाख सेस्टर्स गोळा केले आणि नुमिदियातील बंदिवानांच्या सुटकेसाठी पाठवून दिले. ओप्सच्या मंदिरातील ७० कोटींपुढे ही रक्कम क्षुल्लक; पण ती कोठे गेली हे सर्वांना ठाऊक होते.

संत लॉरेन्स यांची कथा याच दशकातली. २५८च्या ऑगस्टमध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या छळात ते हुतात्मा झाले. ख्रिस्तसभेचा खजिना हजर कर, असे अधिकाऱ्यांनी बजावले तेव्हा त्यांनी गोरगरिबांना पुढे उभे केले, असे शतकाहून अधिक काळाने संत अँब्रोज यांनी लिहून ठेवले आहे. व्हॅलेरियनचा मुलगा गॅलिएनस याने हा छळ थांबवला. मात्र नाण्यांवर अबुन्दान्तिया त्यानेही कोरली, आणि २६८मध्ये त्याची राजवट संपली तोवर त्या नाण्यांतली चांदी शंभरात पाच भागही उरली नव्हती. हे नाणे २१५मध्ये प्रथम पाडले गेले तेव्हा त्यात सुमारे निम्मी चांदी होती. नाण्यावर शब्द तोच राहिला, आतला धातू मात्र झिरपून गेला.

गरिबीला आलेला पूर

चौथ्या शतकाच्या अखेरीस पोप दमासस यांच्या सांगण्यावरून संत जेरोम यांनी शुभवर्तमानांच्या जुन्या लॅटिन भाषांतरांची दुरुस्ती हाती घेतली, आणि पुढे बेथलेहेमात राहून जुना करार हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणला. या लॅटिन बायबलात ‘अबुन्दान्तिया’ आणि तिच्या भावंडांना पुष्कळ जागा मिळाली, आणि शेकडो वर्षे पश्चिमेकडील ख्रिस्ती माणसाने हा शब्द मुख्यतः तेथूनच ऐकला.

मूळ ग्रीकमध्ये त्या जागी बहुधा ‘पेरिस्सोस’ या शब्दाचे कुटुंब आहे. त्याचा अर्थ ‘गरजेपलीकडचे, उरलेले’. पाच हजारांच्या भोजनानंतर जे तुकडे उरले त्यांनाही ग्रीक शुभवर्तमानात हाच शब्द आहे. ग्रीक शब्दात टोपलीत उरलेली भाकर आहे, लॅटिन शब्दात काठाबाहेरचे पाणी. दोन्ही भाषांनी निरनिराळे चित्र काढले, पण दोन्हींत जे आहे ते मापाच्या बाहेरचे आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ इजिप्तमध्ये सात वर्षे धान्य साठवतो, तेथे जेरोम यांनी एकाच वचनात ‘अबुन्दान्तिया’ आणि ‘कोपिया’ हे दोन्ही शब्द योजले आहेत. तो साठा दुष्काळातल्या भुकेल्यांसाठी होता, म्हणून तेथे प्रवाह आणि कोठार यांचे भांडण नाही. याउलट लूकच्या बाराव्या अध्यायात प्रभू बजावतो की माणसाचे जीवन त्याच्या मालमत्तेच्या ‘अबुन्दान्तिया’त नसते, आणि लगेच आपली कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. त्या रात्रीच तो मरतो.

परंतु या शब्दाची खरी कसोटी लागते ती संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात. इ. स. ५५-५६च्या सुमारास पौल जेरुसलेमच्या गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा करीत होता. करिंथ हे व्यापारी, सधन बंदर. तेथील लोकांना उत्तेजन यावे म्हणून तो मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण देतो. त्या मंडळ्या स्वतःच हलाखीत होत्या. आठव्या अध्यायाच्या आरंभी पौल जे म्हणतो ते ऐकून क्षणभर थबकायला होते : त्यांचा आनंद आणि त्यांचे खोल दारिद्र्य ही दोन्ही मिळून औदार्याच्या रूपाने ओसंडली. लॅटिन बायबलात येथे क्रियापद आहे ‘अबुन्दारे’. आणि कर्त्याच्या जागी आहे ‘दारिद्र्य’.

‘अबुन्दारे’ म्हणजे ‘पुष्कळ असणे’ असा अर्थ धरला तर हे वाक्य कोसळते. ज्यांच्याजवळ काही नाही, त्यांच्याजवळ पुष्कळ कसे असेल? पण काठ ओलांडून वाहणे हा मूळ अर्थ घेतला की वाक्य उभे राहते. भांडे लहान असले तर ते लवकर ओसंडते. मोठ्या रांजणाचा काठ मात्र पाण्याला सहसा सापडत नाही. देवळातील दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे पाहून प्रभूने हेच दाखवून दिले होते.

त्याच अध्यायात पौल पुढे हिशेब मांडतो : तुमच्या ‘अबुन्दान्तिया’ने त्यांची ‘इनोपिया’ भरून निघावी, आणि उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची टंचाई भरून निघावी. मघाशी ध्यानात ठेवलेला शब्द तो हाच. येथे एक दाता आणि एक याचक असा कायमचा भेद नाही. पाणी आज या वाफ्यातून त्या वाफ्यात जाते, उद्या बांध फिरवला की तिकडून इकडे येते. आणि शेवटी पौल अरण्यातील मान्न्याची आठवण देतो : ज्याने पुष्कळ गोळा केला त्याला काही उरले नाही, ज्याने थोडा गोळा केला त्याला काही कमी पडले नाही. सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात किडे पडत, हे आपण निर्गमाच्या पुस्तकात वाचलेलेच आहे.

पूर्वेकडील संत बेसिल यांनीही पाण्याचाच दृष्टान्त दिला. इ. स. ३६८-३६९च्या सुमारास कप्पदुकियात भीषण दुष्काळ पडला होता. कोठारवाल्या श्रीमंताच्या गोष्टीवर प्रवचन करताना ते ग्रीकमध्ये म्हणाले त्याचा आशय असा की, उपसा होत राहिला तर विहिरीला पाणी अधिक चांगले येते, आणि उपसा थांबला की तेच पाणी सडते. रहाट ओढून बागायत केलेल्या आपल्या पूर्वजांना याचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

एका अक्षराची घुसखोरी

मग ‘असणे’ या शब्दात आले कोठून?

लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ नावाचे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ जवळ असणे, बाळगणे. मध्ययुगात लॅटिन ही कोणाची मायबोली राहिली नव्हती, आणि ‘ह’चा उच्चार तर बहुतेक ठिकाणी कधीच लोपला होता. हस्तलिखिते उतरवणाऱ्या लेखनिकांना ‘अबुन्दान्तिया’ आणि ‘हाबेरे’ हे शब्द एकाच घरचे वाटू लागले. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याची ती विपुलता, असा सरळ हिशेब. परिणामी शब्दाच्या आरंभी एक ‘ह’ येऊन बसला. मध्ययुगीन हस्तलिखितांत ‘हाबुन्दान्तिया’ असे लेखन पदोपदी आढळते. तेथून तो ‘ह’ फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीतही गेला. १४व्या ते १६व्या शतकातील इंग्रजी लेखनात या शब्दाच्या आरंभी ‘ह’ वारंवार दिसतो.

योहानाच्या दहाव्या अध्यायातील ते प्रसिद्ध वचन लॅटिनमध्ये पाहिले तर तेथे ‘हाबेरे’चे रूप आणि ‘अबुन्दान्तियुस’ हे शब्द अगदी खेटून उभे आहेत. मेंढरांना जीवन असावे, आणि ते ओसंडून असावे. दोन निरनिराळ्या गोष्टी तेथे क्रमाने सांगितल्या आहेत. कानाला मात्र त्या एकच वाटू शकतात.

पुढे प्रबोधनकाळात विद्वानांनी प्राचीन लॅटिन ग्रंथांचा नव्याने अभ्यास केला, शब्दांची मुळे तपासली आणि या ‘ह’ला बाहेरचा रस्ता दाखवला. आज इंग्रजीत ‘अबंडन्स’ लिहिताना कोणी ‘ह’ लिहीत नाही. लेखन शुद्ध झाले. अर्थातला ‘ह’ तेवढा राहून गेला. आपण मुलांना जे उत्तर देतो त्यात तो अजून बोलतो.

ओसंडलेली माणसे

‘उन्दा’चा आणखी एक वंशज येथे आठवतो, आणि त्याची हकिकत ऐकताना मन विषण्ण होते. ‘रे’ म्हणजे मागे, पुन्हा. ‘रेदुन्दारे’ म्हणजे पाणी भरून मागे लोटणे, ओसंडणे. त्यापासून इंग्रजीत ‘रिडंडंट’ झाला. प्रारंभी त्याचाही अर्थ ‘भरपूर, ओसंडणारा’ असाच होता. मग ‘नको तितका’ असा झाला. आणि विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये कारखान्याला ज्याची गरज उरली नाही अशा कामगाराला तो लावण्यात येऊ लागला. १९६५मध्ये तेथील संसदेने अशा कामगारांना भरपाई देण्याचा कायदा केला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. नोकरी गेलेल्या माणसाला इंग्रज मालक जे म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ होतो : तू ओसंडून गेलेले पाणी आहेस.

‘अबंडंट’ आणि ‘रिडंडंट’ यांची आई एकच, ती लाट. वस्तू ओसंडल्या की आनंद आणि माणसे ओसंडली की कपात, असा न्याय ज्या व्यवहारात चालतो तेथे शब्दाचा केवळ अर्थच बदललेला नसतो. रोमच्या मंडळीच्या यादीत ते १५०० लोक ‘जास्तीचे’ म्हणून आले नव्हते. ते त्या मंडळीच्या मोजदादीतच होते, धर्मगुरूंच्या आणि उपयाजकांच्या रांगेत.

आपल्या अंगणात

आपल्या मराठीनेही पाण्याचा हा धडा नकळत सांभाळून ठेवला आहे. ‘भरपूर’ हा आपला रोजचा शब्द. त्यात ‘भर’ आहे आणि ‘पूर’ही आहे. हा ‘पूर’ भरण्याच्या त्याच धातूपासून झाला आहे, ज्याची ‘पूर्ण’ आणि ‘प्लेना’ ही रूपे आहेत. आणि तोच शब्द आपण पावसाळ्यात नदीला लावतो. भरणे आणि काठ सोडणे या दोन्ही क्रिया एकाच शब्दात आहेत.

गेल्या काही दशकांत आपल्या अनेक धर्मग्रामांत भर पुष्कळ पडली. कौलारू घरांच्या जागी मजले चढले, जमिनींना भाव आले, परदेशातून पैसा आला, मुले शिकली. याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. पूर्वजांनी सोसलेली टंचाई ज्यांनी पाहिली आहे ते दारिद्र्याचे गोडवे गाणार नाहीत. प्रश्न इतकाच आहे की या भरीला पूर आला का? सणाला शेजाऱ्यांच्या घरी जाणारे ताट, लग्नघरी आपणहून कामाला येणारे हात, विधवेच्या शेताची न सांगता केलेली कापणी, या गोष्टी ज्या काळी होत्या त्या काळी कणग्या लहान होत्या. कणग्या मोठ्या झाल्या म्हणून काठही उंच झाले, असे तर घडले नाही ना, याचा विचार प्रत्येक घराने आपापल्या देव्हाऱ्यासमोर करायचा आहे.

पाच हजारांच्या भोजनाकडे या दृष्टीने पुन्हा एकदा पाहावे. आरंभी तेथे पाच भाकरी आणि दोन मासे होते. त्या क्षणी त्या माळावर विपुलता नव्हती. होती ती उघड टंचाई, आणि शिष्यांनी तिचा हिशेबही मांडून दाखवला होता. प्रभूने भाकरी मोडल्या, हातोहात त्या पंक्तींतून फिरल्या, सगळे जेवून तृप्त झाले. बारा टोपल्या भरल्या त्या यानंतर. आणि त्या वेळीही प्रभूने शिष्यांना सांगितले ते एवढेच, की उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका.